श्रोत्यांची हजेरी : मध्ययुगीन दमास्कसमधील ग्रंथवाचनाच्या नोंदी



ह्या व्यासपीठावर दरवर्षी वक्ते येतात, बोलतात आणि जातात. त्यांची नावे कार्यक्रमपत्रिकेत छापली जातात आणि भाषणे पुढे ग्रंथरूपाने निघतात. परंतु समोर बसून जी मंडळी ती ऐकतात त्यांची नावे कोठेच राहत नाहीत. आणखी शंभर वर्षांनी एखाद्या अभ्यासकाने अमक्या दिवशी ह्या मंडपात कोण कोण बसले होते असे विचारले, तर त्याच्या हाती काहीही लागणार नाही. ह्यात कोणाचा दोष नाही. जगात बहुतेक ठिकाणी आणि बहुतेक काळी हीच रीत चालत आली आहे. ग्रंथकाराचे नाव उरते, पोथी उतरवून घेणाऱ्याचे क्वचित उरते, ऐकणाऱ्याचे मात्र उरत नाही.

ह्या रीतीला एक मोठा अपवाद आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे. मध्ययुगातील कित्येक अरबी हस्तलिखितांच्या पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर, समासात आणि जेथे म्हणून कोरी जागा सापडेल तेथे बारीक अक्षरांत लिहिलेल्या नोंदी आढळतात. हा ग्रंथ अमक्या शेखासमोर अमक्याने मोठ्याने वाचला. तो अमक्या अमक्यांनी ऐकला. वाचन अमक्या तारखेस अमक्या मशिदीत वा घरात पुरे झाले. आणि ही नावे अमक्याने लिहिली, असा त्यांचा साधारण मायना असतो. अशा नोंदीला अरबीत ‘समाअ’ म्हणतात. समाअ म्हणजे ऐकणे. सूफी मंडळींच्या गायनाच्या बैठकीलाही हाच शब्द लावतात व आपल्याकडे तो त्याच अर्थाने अधिक परिचित आहे. येथे मात्र त्याचा अर्थ ग्रंथश्रवण आणि त्या श्रवणाचा दाखला, एवढाच घ्यावयाचा आहे.

ग्रंथ डोळ्यांनी वाचता येत असताना तो ऐकण्याचा एवढा खटाटोप का, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. त्याचे पहिले कारण लिपीत आहे. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, आणि जुने लेखक घाईत अक्षरांवरचे नुक्तेही गाळीत. नुक्ता गेला की एकाच रेघेचे तीन-चार निरनिराळे वर्ण होऊ शकतात. साध्या वाक्यात संदर्भाने निभावते. पण माणसांच्या नावांत संदर्भाचा उपयोग होत नाही, आणि हदीसचे शास्त्र तर सारे नावांवरच उभे आहे. पैगंबरांचे अमुक वचन अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने त्याच्या गुरूकडून ऐकले, अशी साखळी प्रत्येक वचनामागे असावी लागते. ज्याने गुरुमुखातून ऐकलेले नाही, नुसत्या पोथीवरून उचलले आहे, त्याच्या विद्येला विद्वानांच्या सभेत मान नसे. गुरुमुखातून मिळालेली विद्या आणि पोथीतून उचललेली विद्या ह्यांतला भेद आपल्याकडील जुन्या पाठशाळांनाही चांगला ठाऊक होता. अरबी विद्वानांनी त्यापुढे एक पाऊल टाकले. विद्या कोणापासून कोणाकडे गेली ह्याचा लेखी दाखला त्यांनी पोथीवरच ठेवला.

ही पद्धत हिजरी ५ व्या शतकापासून, म्हणजे इसवीच्या ११ व्या शतकापासून, विशेष दृढ झाली. आणि पुढच्या तीन शतकांत तिचे सर्वांत मोठे केंद्र दमास्कस हे शहर होते. ती धर्मग्रंथांपुरतीच राहिली असेही नाही. हरीरीच्या ‘मकामात’ ह्या प्रसिद्ध ललितग्रंथाची एक प्रत कैरोत आहे. ती हिजरी ५०४ मध्ये (इ. स. १११०-११) ग्रंथकाराच्या स्वतःच्या प्रतीवरून उतरवलेली असून बगदादेत खुद्द हरीरीसमोर वाचली गेली, आणि ऐकणाऱ्यांची नावे तिच्यावर नोंदली गेली. पुढे हीच प्रत अलेप्पोस गेली व तेथील श्रोत्यांच्या नोंदीही तिच्यावर चढल्या. पिअर मॅके ह्या अभ्यासकाने १९७१ साली ह्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हा एका पुस्तकाचा प्रवास माणसांच्या नावांनिशी डोळ्यांसमोर उभा राहिला.

आता प्रत्यक्ष बैठक कशी चाले ते पाहू. मशिदीत, मदरशात, कोणाच्या घरी, कधी बागेतही मंडळी जमत. मध्ये शेख बसे. शेख म्हणजे हा ग्रंथ पूर्वी स्वतः ऐकून पुढे सांगण्याचा अधिकार मिळवलेला मनुष्य. तो स्वतः वाचीतच असे असे नाही. बहुधा दुसरा एखादा चांगला वाचक मोठ्याने वाची, आणि शेख आपली प्रत हाती घेऊन वा स्मरणाने ऐकत राही. तिसरा मनुष्य नावे टिपून घेई. पुष्कळसे वाङ्मय अरबीत ज्याला ‘जुज’ म्हणतात अशा थोड्या पानांच्या वह्यांतून फिरत असे. एक जुज एका बैठकीत संपे; मोठा ग्रंथ कित्येक बैठका चाले, आणि कोठपर्यंत वाचन आले त्याची खूण समासात केली जाई. वाचन पुरे झाले म्हणजे नावांची यादी सुवाच्य करून पोथीवर चढवीत आणि शेख खाली आपल्या हाताने ती खरी असल्याचे लिही.

श्रोतेहो, ह्या बैठकीतले कितीतरी शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. बैठक ती मजलिस, परवानगी ती इजाजत, दिवस ती तारीख. जुज म्हणजे तुकडा, म्हणून आपण थोडक्याशा गोष्टीला जुजबी म्हणतो. आणि लहान मुलाच्या नावापुढे ह्या नोंदीत जो शब्द येतो त्याचा अर्थ ‘तो हजर होता’ असा आहे, व आपला ‘हजर’ त्याच धातूपासून फारसीच्या वाटेने मराठीत आलेला आहे. तेव्हा ह्या नोंदींना श्रोत्यांची हजेरी म्हटले तर ते भाषांतर न होता मूळ शब्दच परत दिल्यासारखे होईल.

ही हजेरी किती काटेकोर असे ते पाहण्याजोगे आहे. सारा ग्रंथ कोणी ऐकला, कोण उशिरा आला आणि कोणत्या ठिकाणापासून त्याने ऐकले, कोण मध्येच उठून गेला, हे वेगवेगळे लिहीत. पाच वर्षे पुरी झालेल्या मुलाच्या नावाशी ‘ऐकले’ असे लिहीत. त्याहून लहान असेल तर ‘हजर होता’ किंवा ‘त्याला आणले होते’ एवढेच लिहीत, आणि त्याचे वयही देत. एका बाजूला काझी आणि अमीर, दुसऱ्या बाजूला त्याच यादीत कोणाचा गुलाम, कोणाची मुलगी, कोणाची बायको. कित्येक नावांपुढे शिंपी, सुतार, तांबट अशा अर्थाची बिरुदे येतात. अशा बिरुदांवरून भरकन अनुमान काढू नये हे खरे, कारण आजोबाचा धंदा नातवाचे आडनाव होतो हे आपल्यालाही माहीत आहे. पण सारीच बिरुदे नुसती आडनावे होती असेही नाही. इब्न असाकिर ह्या विद्वानाने (११०५–११७६) लिहिलेला दमास्कस शहराचा इतिहास ८० खंडांचा म्हणून प्रसिद्ध आहे. एवढा प्रचंड ग्रंथ त्याच्या हयातीत आणि त्याच्यामागे त्याच्या मुलाच्या देखरेखीखाली जाहीर वाचला गेला, आणि त्याच्या श्रोत्यांत कारागीर मंडळीही होती, असे कोनराड हिर्शलर ह्यांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ह्याच नोंदींच्या आधारे दाखवले आहे. आपल्या गावाचा इतिहास ऐकायला गावचा कारागीर येऊन बसतो, ह्यात आश्चर्य ते काय? आश्चर्य एवढेच, की त्याचे नाव आठशे वर्षांनी आपल्याला वाचता येते.

जेथे नावाला किंमत येते तेथे नावावरून भांडणही येते. दमास्कसच्या अश्रफिया दार अल्-हदीस ह्या संस्थेचा पहिला प्रमुख अध्यापक इब्न अस्-सलाह (मृत्यू १२४५) ह्याने हदीसशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्यात ह्या नोंदी कशा कराव्या ह्याचे नियमच दिले आहेत. वाचक फार भरभर वाचतो, श्रोता लांब बसलेला असतो, कोणी डुलक्या घेतो, कोणी शेजाऱ्याशी बोलतो, कोणी ऐकता ऐकता दुसरेच काही लिहीत बसतो, ह्या साऱ्याची त्याला जाण आहे. व्याख्यानमालेच्या चालकांना ही यादी अगदी ओळखीची वाटेल. त्यावर त्याने तोडगा सांगितला आहे, की श्रवणाच्या दाखल्याबरोबरच शेखाने सर्वांना ग्रंथाची इजाजत देऊन टाकावी, म्हणजे निसटलेल्या शब्दांची भरपाई होईल. परंतु एका गोष्टीत तो कडक आहे. नोंद करणाऱ्याने काही वाईट हेतू मनात धरून कोणाचेही नाव गाळता कामा नये, असे तो बजावतो.

ह्याच ग्रंथात त्याने कूफा शहरातला एक जुना खटला सांगितला आहे. आपण ऐकलेल्या ग्रंथाची प्रत मालक आपल्याला देत नाही, अशी एका माणसाने तक्रार केली. ते प्रकरण हफ्स इब्न घियास ह्या काझीपुढे गेले. काझीने पोथ्यांच्या मालकाला पोथ्या हजर करण्यास फर्मावले आणि निवाडा दिला, की फिर्यादीचे नाव मालकाच्या स्वतःच्या अक्षरात असेल तेथे त्याला पोथी उसनी द्यावीच लागेल. फिर्यादीनेच आपल्या हाताने लिहून घेतले असेल तेथे मालकावर बंधन नाही. ह्या निवाड्याचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. पोथी मालकाची खरी. पण आपल्या हाताने दुसऱ्याचे नाव तिच्यावर लिहिले की त्या दुसऱ्याचाही तिच्यावर हक्क उत्पन्न होतो. ज्या गरिबाला प्रत विकत घेता येत नाही, त्याला त्याचे नावच ग्रंथालयाच्या वर्गणीसारखे उपयोगी पडत असे.

आता आम्ही एका माणसाची हकीकत सांगणार आहो, कारण ह्या नोंदींचे सामर्थ्य तिच्यात जितके दिसते तितके नियमांत दिसत नाही.

१२ व्या शतकाच्या मध्यास पॅलेस्टाइनमधील नाब्लुसच्या परिसरातून, फ्रँक लोकांच्या अमलाला कंटाळून, काही हंबली कुटुंबे दमास्कसला आली व कासियून डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी सालिहिया नावाची वस्ती वसवली. ह्या वस्तीत ग्रंथश्रवणाचे वेड विलक्षण होते. हिजरी ६३० मध्ये (इ. स. १२३२-३३) बगदादहून इब्न अज्-झबीदी नावाचा वृद्ध शेख दमास्कसला आला आणि त्याच्यासमोर बुखारीचा ‘सहीह’ हा हदीससंग्रह वाचला गेला. श्रोत्यांत अहमद नावाचा एक लहान मुलगा होता. शेख परत गेला व लवकरच वारला. मुलगा मोठा झाला. तो विद्वान झाला नाही. त्याला लिहिणेवाचणेही जेमतेमच येई. तो पाथरवट झाला. अल्-हज्जार म्हणजे पाथरवट, आणि ह्याच नावाने इतिहास त्याला ओळखतो. सत्तरांहून अधिक वर्षे तो दगड आणि संसार ह्यांत रमून गेला.

हिजरी ७०६ मध्ये (इ. स. १३०६-०७) कोणी जुन्या याद्या चाळीत असता ६३० च्या त्या यादीत ह्या पाथरवटाचे नाव सापडले. त्या बैठकीतील बाकीची मंडळी बहुतेक काळाच्या उदरात गडप झाली होती. ह्या म्हाताऱ्याने ते शब्द अशा माणसाच्या समोर बसून ऐकले होते, की ज्याची साखळी ग्रंथकर्त्याच्या फार जवळ जात होती. मधले दुवे जितके कमी तितकी साखळी श्रेष्ठ, हा तर त्या शास्त्राचा नियमच. झाले! सारे दमास्कस त्याच्याकडे लोटले. पुढच्या काही वर्षांत त्याच्यासमोर सहीहचे वाचन दमास्कसमध्ये, कैरोत आणि इतर शहरांत साठसत्तर वेळा झाले असे चरित्रकार सांगतात. हिजरी ७३० मध्ये तो वारला तेव्हा त्याचे वय चांद्रवर्षांनी शंभरावर होते.

ह्या पाथरवटासमोर बसलेला एक श्रोता आपल्या परिचयाचा आहे. हिजरी ७२६ च्या रमझानात, म्हणजे १३२६ च्या ऑगस्टात, बावीस वर्षांचा एक मोरोक्कन तरुण दमास्कसच्या उमय्यद मशिदीत चौदा बैठका बसला. वाचक होता अल्-बिर्झाली हा नामांकित इतिहासकार. इब्न अस्-सलाहच्या मोजणीप्रमाणे सहीहमध्ये पुनरुक्तीसह ७,२७५ हदीस आहेत. म्हणजे दर बैठकीस पाचशेंहून अधिक. हा तरुण म्हणजेच इब्न बतूता. तोच पुढे दिल्लीस मुहम्मद तुघलकाच्या पदरी काझी झाला, आणि १३४२ मध्ये दिल्ली सोडल्यावर आपल्या दौलताबादेवरून गेला. त्या किल्ल्याचे आणि मराठ्यांचे त्याने केलेले वर्णन आपले इतिहासकार आवडीने वाचतात. परंतु त्याच ग्रंथात त्याने दमास्कसच्या त्या वाचनाची नोंद शेख, वाचक, बैठकांची संख्या, पहिला दिवस व शेवटचा दिवस अशा सर्व तपशिलानिशी केली आहे, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ज्यांनी त्याला इजाजत दिली त्यांत झैनब बिन्त अल्-कमाल ही वृद्ध विदुषीही होती. तिच्यापाशी एका उंटाच्या ओझ्याइतके ग्रंथ सांगण्याचा अधिकार जमला होता, असे तिचे समकालीन लिहितात.

ह्याच काळात अल्-हज्जारसमोर आयेशा नावाची चार-पाच वर्षांची एक मुलगी आणून बसवण्यात आली. ती सालिहियातल्या अब्द अल्-हादी घराण्यातली. तीही दीर्घायुषी झाली आणि हिजरी ८१६ मध्ये (इ. स. १४१३) वारली. हदीसशास्त्राचा थोर पंडित इब्न हजर अल्-अस्कलानी १४०० साली दमास्कसला आला तेव्हा त्याने तिच्यापाशी पुष्कळ ग्रंथ वाचले. हिशेब करून पाहा : पाथरवट मुलगा असताना ६३० मध्ये ऐकतो, आणि त्याच्याकडून मुलगी असताना ऐकलेली आयेशा ८१६ पर्यंत जगते. एकशे शहाऐंशी चांद्रवर्षांचे अंतर दोनच माणसांनी ओलांडले. आईबाप आपल्या तान्ह्या मुलांना अतिवृद्ध शेखांपुढे का नेऊन बसवीत, ह्याचे उत्तर ह्या आकड्यात आहे. आज ऐकलेले फळ पंचाहत्तर-ऐंशी वर्षांनी पदरात पडेल, ह्या भरवशावर ते झाड लावीत होते. आणि त्या भरवशाचा सारा आधार म्हणजे यादीतली एक ओळ.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो खोटा नाही. चार वर्षांच्या मुलीला काय समजले असेल? जेमतेम अक्षरओळख असलेल्या पाथरवटासमोर बिर्झालीसारख्या पंडिताने वाचावे आणि त्याने नुसते ऐकावे, ह्यात विद्या कोणती? हा आक्षेप त्या काळच्या लोकांनाही सुचला होता. इब्न अस्-सलाह स्वतः म्हणतो, की पाच वर्षे हा संकेत आहे. खरी कसोटी मुलाला समज आहे की नाही हीच. सहीहचा पाठ तोवर पक्का झाला होता आणि शुद्ध प्रतीही उपलब्ध होत्या, तेव्हा पाठशुद्धीसाठी ह्या बैठकांची फारशी गरज उरली नव्हती हेही मान्य केले पाहिजे. त्यांत पुण्याचा भाग होता, प्रतिष्ठेचा होता, थोडाफार मिरवण्याचाही होता. तरीही आम्हांस असे वाटते, की एवढे म्हणून हा विषय संपत नाही. ज्या समाजात जन्म, पैका आणि दरबार ह्यांना केवढे तरी महत्त्व होते, त्या समाजाने आपल्या विद्येची एक किल्ली अशा ठिकाणी ठेवली होती, की ती कोणाच्या हाती सापडेल हे सांगता येत नसे. ती पाथरवटाच्या हाती सापडली, तेव्हा काझी आणि पंडित त्याच्या पुढ्यात येऊन बसले. यादीत नाव आहे म्हटल्यावर ते नाव कोणाचे हा प्रश्न मागे पडला. नाव गाळू नका ही इब्न अस्-सलाहची ताकीद त्याच्या हयातीत कोणा लेखनिकाने पाळली नसती आणि एका कारागिराच्या पोराचे नाव कशाला लिहायचे म्हणून वगळले असते, तर ही हकीकत घडलीच नसती.

१४०१ मध्ये तैमूरच्या फौजांनी दमास्कस लुटले आणि उमय्यद मशीद आगीत होरपळली. तरी सालिहियातल्या पुष्कळ पोथ्या वाचल्या. आयेशाच्याच घराण्यातला यूसुफ इब्न अब्द अल्-हादी (मृत्यू १५०३) ह्याने त्या चिकाटीने गोळा केल्या व आपल्या संग्रहाची यादी केली. तीत सुमारे तीन हजार ग्रंथनामे आहेत. तो आपल्या घरी बायकामुलांना जमवून हे जुने जुज वाचून दाखवी आणि त्यांची नावे जुन्या नोंदींच्या शेजारी लिहून ठेवी. त्याने हा संग्रह सालिहियातल्या मदरशाला वक्फ केला. तेथून तो १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात जाहिरिया ग्रंथालयात आणि पुढे १९८४ मध्ये उघडलेल्या दमास्कसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आला. छापखान्यांनी ग्रंथ छापले, पण ह्या नोंदी बहुधा गाळल्या; कारण त्या ग्रंथाचा भाग नव्हेत अशी समजूत होती. सलाह अल्-दीन अल्-मुनज्जिद ह्यांनी १९५५ च्या सुमारास, आणि पॅरिसच्या हस्तलिखितांविषयी झॉर्झ वाय्दा ह्यांनी त्याच सुमारास, त्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९९६ मध्ये श्टेफान लेडर, यासीन अस्-सव्वास आणि मामून अस्-सागर्जी ह्यांनी दमास्कसच्या दोनशे वर्षांतल्या, हिजरी ५५० ते ७५० पर्यंतच्या, नोंदींचा कोशच प्रसिद्ध केला. घाईने, नुक्त्यांविना लिहिलेली ती अक्षरे लावण्यास किती चिकाटी लागली असेल, हे मोडी दफ्तरांत ज्यांनी डोळे शिणवले आहेत त्यांना सांगायला नको.

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपण राजे, लढाया आणि ग्रंथकार ह्यांकडे पाहतो. विद्येचा इतिहासही आपण लिहिणाऱ्यांचाच मानतो. दमास्कसच्या ह्या नोंदी सांगतात, की विद्या टिकते ती ऐकणाऱ्यांच्या जोरावरही टिकते, आणि ऐकणाऱ्याची नोंद ठेवणे हे फार अवघड काम नाही. एक वही, एक लेखणी आणि कोणाचेही नाव न वगळण्याची बुद्धी एवढे पुरते. आपल्या गावोगावच्या व्याख्यानमालांनी, वाचनालयांनी आणि भजनी मंडळांनी एवढे केले, तर पुढच्या पिढ्यांच्या अभ्यासकांवर मोठे उपकार होतील. आज ह्या मंडपात एखादे लहान मूल वडिलांच्या मांडीवर पेंगत असेल. त्याला आमचे बोलणे समजले नसेल. पण ते हजर आहे, एवढे कोणी लिहून ठेवावे अशी चालकांस विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.